निळा फोल्डर

कोड लिहायच्या एडिटरमध्ये कोडच्या फोल्डरचं चित्र निळं असतं, बाकीच्यांचं राखाडी. फरक इतका फिका, की दुपारचं ऊन स्क्रीनवर आलं की दोन्ही सारखेच दिसतात. झोर्नित्साने खिडकीचा पडदा खाली ओढला आणि पुन्हा पाहिलं. अगदी वरचा, ‘src’ नावाचा फोल्डर राखाडी होता. निळे तीन होते, आणि ते खाली, प्रोजेक्टच्या तीन वेगवेगळ्या भागांच्या पोटात.

“दिसलं?” फोनवर बुर्गासहून रुम्यानाचा आवाज आला. स्क्रीन तिचीच होती, प्लोवदिवमध्ये बसून झोर्नित्सा ती पाहत होती. “तुमच्या प्लगइनने माझ्या अंगणात नवी खोली बांधली, सामान तिथे नेऊन टाकलं, आणि मला सांगितलंसुद्धा नाही.”

“दिसलं.”

डेटाबेसमधले तक्ते वाचून त्यांचा कोड आपोआप लिहायचा, एवढंच ते प्लगइन करायचं. कोड त्याने बरोबरच लिहिला होता, पण अशा जागी, जिथे कुणी बघत नाही. रुम्यानाचा बंदरावरचा प्रोग्राम निळ्या फोल्डरांतल्या जुन्याच कोडवर निमूट चालत राहिला होता.

“बंदरावरची माणसं विचारतात, नवा रकाना कुठाय? मी म्हणते, आहे ना, डोळे तपासून घ्या. शेवटी माझेच तपासायची वेळ आली. हे बघ, उद्या आमच्याकडे बैठक आहे. तुमचं प्लगइन ठेवायचं की काढायचं, ते ठरेल. मी तुमच्या बाजूने बोलेन, पण मला काहीतरी ठोस दे. मागच्यासारखं ठिगळ नको.”

“संध्याकाळपर्यंत कळवते,” झोर्नित्सा म्हणाली आणि फोन ठेवला. बुर्गासचं गिऱ्हाईक गेलं तर त्यांच्या एवढ्याशा कंपनीत फारसं काही उरणार नव्हतं.

मागच्या टेबलावर प्रोफेसर तोनेव बानित्साचा डबा उघडत होते. निवृत्त झाल्यावरही दर गुरुवारी ते यायचे, बायकोने भाजलेली चीजची खुसखुशीत बानित्सा घेऊन, आणि तासभर कोड वाचत बसायचे. विद्यापीठात ते झोर्नित्साचे शिक्षक होते. कंपनी दोघांनी मिळून काढली. आता प्लगइनमध्ये त्यांच्या हातचं एकच फंक्शन उरलं होतं, सोर्स फोल्डर शोधणारं. प्रोजेक्टच्या सगळ्यांत वरच्या फोल्डरमध्ये ‘src’ शोधायचा, नसला तर तयार करायचा. अनेक वर्षं ते चुकलं नाही, कारण वापरणारे बहुतेक त्यांचेच विद्यार्थी, आणि प्रोजेक्ट तसाच मांडायचा हे त्यांना प्रोफेसरांनीच शिकवलेलं. बाहेरची माणसं आली तशी झोर्नित्सा त्या फंक्शनखाली एकेक अपवाद जोडत गेली. दर वेळी मनाशी म्हणायची, हे फंक्शनच बदलायला हवं, प्रोफेसरांशी पुढच्या गुरुवारी बोलू.

“खा गं, निवतेय,” प्रोफेसर म्हणाले. “बुर्गासवाली फार तडतडते.”

“तिचं बरोबर आहे, प्रोफेसर.”

“मग आणखी एक अपवाद घाल. वर नाही सापडला तर एक पायरी खाली बघ.”

“खाली तीन आहेत.”

“पहिला घे.”

“पहिल्यात चाचण्यांचा कोड आहे.”

ते घास चावत राहिले. “तीन तीन कशाला लागतात लोकांना? मी असं शिकवलं नव्हतं.”

“ती तुमच्याकडे शिकलेली नाही.”

“ते दिसतंच आहे.” ते हसले, मग खुर्ची तिच्याजवळ सरकवली. “तुझ्या मनात काय आहे?”

“एडिटरला विचारायचं. कोणता फोल्डर कोडचा हे त्याला माहीत असतं, म्हणून तर तो निळा दाखवतो. एकच असला तर तो घ्यायचा, जास्त असले तर वापरणाऱ्याला एकदा विचारायचं आणि त्याचं उत्तर लक्षात ठेवायचं.”

“माणसाला विचारलं की माणूस वैतागतो. चांगलं साधन विचारत नाही, ते ओळखतं.”

“ओळखत नाही ते. फक्त तुमच्या विद्यार्थ्यांना ओळखतं.”

हे जरा जास्तच झालं असं तिला वाटलं. प्रोफेसरांनी बोटांवरचा चुरा झटकला, चष्मा लावला आणि स्क्रीनवरचं आपलं फंक्शन वाचलं. खाली तिचे अपवाद लांबवर पसरले होते. तेही त्यांनी सावकाश, शेवटपर्यंत वाचले.

“हे सगळं माझ्यासाठी जपत बसलीस?”

उत्तर होतं, फक्त ते कधी तोंडातून बाहेर पडलं नव्हतं.

“हो,” ती म्हणाली. “आता मी तुमचं फंक्शन काढून टाकतेय, प्रोफेसर. आत्ता, तुमच्यासमोर.”