टेपचं दुसरं टोक

शाळेची चिठ्ठी आली तेव्हा मिस्त्री एका दाराला रंधा मारत होता. त्याने हात झटकले, चिठ्ठी खिडकीपाशी नेली आणि कोंबडी दाणा बघते तशी मान एका बाजूला वळवून तिरप्या नजरेने वाचली. वर्ष संपत आलं आहे. शेवटच्या वर्गातल्या प्रत्येकाने पालकाला घेऊन मार्गदर्शनाला यावं. पुढे काय शिकायचं ते ठरवून अर्ज त्याच दिवशी पाचपर्यंत द्यावा. दोघांच्याही सह्या लागतील. गुरुवार, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटं.

"दहा चाळीस," तो म्हणाला. "साडेदहा नाही, पावणेअकरा नाही. कोण बसलंय तिथे घड्याळ घेऊन?"

"प्रत्येकाला दहा मिनिटं आहेत, बाबा."

"दहा मिनिटांत मी एक बिजागरी बसवत नाही. आणि हे आयुष्य बसवणार."

मुलगी हसली, पण उगीच हसल्यासारखी. तिला घरीदारी सगळे पट्टी म्हणत. भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं दिसलं तर ही चार वर्षांची पोर जेवतं ताट सोडून उठायची, तेव्हापासूनचं ते नाव. पुढे उंचीनेही तिने ते खरं केलं.

घराच्या मागच्या खोलीत मिस्त्रीचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक लांब ओटा, भिंतीला टांगलेल्या करवती आणि कोपऱ्यात गुडघाभर भुसा. दारं आणि खिडक्या, बाकी काही तो करत नसे. त्या खोलीत एक नियम होता. दोन माणसांनी मापल्याशिवाय लाकडाला करवत लावायची नाही. एकाने टेपचं टोक धरायचं, दुसऱ्याने आकडा वाचून सांगायचा. मग टोकं बदलायची. दुसऱ्याने आपल्या डोळ्यांनी वाचायचं आणि 'जुळलं' म्हणायचं किंवा 'नाही जुळलं'. नाही जुळलं तर कोण चुकलं यावर वाद घालायचा नाही. पुन्हा पहिल्यापासून मापायचं. टेपचं दुसरं टोक बरीच वर्षं मिस्त्रीच्या बायकोच्या हातात होतं. ती गेली त्याला चार वर्षं झाली. पाचव्या दिवशी कारखाना उघडला तेव्हा पट्टीने काही न बोलता ते टोक उचललं.

मिस्त्रीच्या पोटात एक गोष्ट होती आणि ती त्याने कोणाजवळ काढली नव्हती. गेल्या वर्षी त्याला एका चौकटीची उभी बाजू मध्येच वाकलेली दिसली. काटकोन तपासायचा गुण्या लावला तर चौकट सरळ. दुसऱ्या दिवशी दुसरी चौकट वाकली, मग रस्त्यावरचे दिव्याचे खांबही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळ्यातल्या पडद्याच्या मधोमध काहीतरी झिजतंय असं सांगितलं. झिजण्याचा जोर थोडा कमी करता येईल, म्हणाले, गेलेलं परत येणार नाही. कडेचं दिसत राहील, मधलं जात जाईल.

तो घरी आला आणि जेवायला बसला. त्याच महिन्यात शाळेतल्या मार्गदर्शनाच्या बाईंनी त्याला रस्त्यात गाठून सांगितलं होतं, तुमच्या मुलीचा हात रेखाटनाचा आहे, हिला इमारतींचे नकाशे शिकू द्या. तीन वर्षांचा अभ्यासक्रम, दुसऱ्या शहरात, वसतिगृहात राहून. मिस्त्रीने तिथेच मनाशी ठरवलं. पट्टी एकदा तिथे पोचली, तिचं एक वर्ष पार पडलं की मग डोळ्यांचं बघू. आधी कळलं तर ती पाय उचलणार नाही. तोवर वेळ निभत होती. थंडीच्या दिवसांत दवाखान्याच्या सोळा खिडक्या केल्या, सोळाच्या सोळा जागेवर बसल्या. डोळा गेला तरी हात शाबूत आहे, असं तो स्वतःला समजावत होता. हल्ली आपल्या पेन्सिलीच्या रेघा जाड यायला लागल्यात, एवढं मात्र त्याच्या लक्षात आलं होतं. हात जड झाला असेल.

गुरुवारी शाळेच्या लांब व्हरांड्यात बाकांवर आईबाप आणि मुलं ओळीने बसली होती. मिस्त्रीच्या शेजारी एक बसचा ड्रायव्हर होता, जुळ्या मुलांना दोन बाजूंना घेऊन.

"तुमचं बरं आहे, मिस्त्री," ड्रायव्हर म्हणाला. "एक पोर, एक अर्ज. माझे दोन, आणि दोघांनाही काही व्हायचं नाही."

"मला व्हायचंय की, पप्पा," डावीकडचा म्हणाला. "तुम्ही ऐकूनच घेत नाही."

"बोल. काय व्हायचंय?"

"निवृत्त."

अख्खा बाक हसला. पट्टी हसली नाही. ती मांडीवरच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. घाबरली असेल, मिस्त्रीला वाटलं.

बाईंची खोली लहान होती. कपाट, फायलींचा ढीग, तीन खुर्च्या, आणि एक टेबल. मिस्त्री टेबलावर हात ठेवून बसला तर ते डुगडुगलं. त्याने नकळत खाली हात घालून पाय चाचपला. सांधा सुटला होता आणि पायाखाली कागदाची घडी सारली होती.

"हिने अर्ज कालच भरून दिलाय," बाई म्हणाल्या. त्यांनी कागद समोर धरला आणि चष्म्यावरून पट्टीकडे पाहिलं. "कार्यालयीन कामकाज. एक वर्षाचा, संध्याकाळचे वर्ग, इथेच आपल्या गावात."

"चुकून दुसऱ्या कोणाचा कागद काढलात, बाई."

"नाही हो. नाव तिचंच आहे. मला वाटलं, घरून नको म्हणालात."

"मी?" मिस्त्री लेकीकडे वळला. सरळ पाहिलं की तिचा चेहरा हल्ली धूसर व्हायचा, म्हणून त्याने मान तिरकी केली. "मी नको म्हणालो?"

"तुम्ही नाही म्हणालात," पट्टी खाली बघत म्हणाली. "मलाच नकोय. मला इथलं काम आवडेल."

"खुर्चीत बसून टपालावर शिक्के मारायला?"

"त्यात वाईट काय आहे?"

"वाईट काहीच नाही. पण तू पाच मिनिटं खुर्चीत बसलीस तर खुर्चीचे पाय मोजतेस."

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "नकाशाच्या वर्गाची तिची जागा मी धरून ठेवली आहे. पण आज पाचपर्यंतच. त्यानंतर माझ्या हातात काही नाही."

मिस्त्री खुर्चीत पुढे सरकला. मग म्हणाला, "बाई, दोन कोरे कागद द्या."

कागद आले. त्याने एक लेकीपुढे सरकवला. "आकडा लिही. मी माझा लिहितो. बघायचं नाही."

पट्टीने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि पाठ वळवून लिहिलं. त्याने मोठाल्या अक्षरांत लिहिलं. बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. एकावर नकाशे, दुसऱ्यावर कार्यालय.

"नाही जुळलं," मिस्त्री म्हणाला.

"मिस्त्री, हे असं कागदावर…"

"आमच्याकडे नाही जुळलं की भांडत नाहीत, बाई. टोकं बदलतात." तो उठला, लेकीला उठवलं, तिला आपल्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः तिच्या खुर्चीत बसला. "आता मी तुझ्या टोकावरून वाचतो. मी पट्टी. मी गेले तर बाबा एकटा पडेल. दाढी करणार नाही, उभ्याउभ्या काहीतरी खाईल. टेप धरायला कोणी नसेल. म्हणून मी इथेच राहते. बरोबर?"

"थोडंसं," पट्टी म्हणाली.

"आता तू. माझ्या टोकावरून."

बाहेर जुळ्यांपैकी कोणीतरी मार खाल्ला, त्याचा आवाज आला. तिने दोन्ही तळवे टेबलावर टेकवले, तेव्हा टेबल पुन्हा डुगडुगलं.

"मी मिस्त्री," ती म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम मोठ्या माणसाचा झाला. "मला मधलं दिसत नाही. कडा दिसतात. सरळ रेघ मध्येच वाकते. मी कोणाला सांगितलेलं नाही. पट्टीला कळलेलं नाही असं मला वाटतं. ती एकदा गेली की मग बघू, असं मी ठरवलंय."

बाईंनी हातातलं पेन हळूच खाली ठेवलं.

"कधीपासून?" मिस्त्रीने विचारलं.

"दवाखान्याच्या खिडक्यांपासून."

"त्या बरोबर बसल्या. सोळाच्या सोळा."

"नऊंच्या खुणा मी खोडून परत केल्या. सकाळी, तुम्ही दाढी करत असताना. कुठे दोन सूत, कुठे तीन. एकीत तर पाऊण इंच."

म्हणजे त्या जाड रेघा. जुनी पुसून गिरवलेल्या. त्याने त्या रेघांवर करवत चालवली होती आणि स्वतःच्या हाताचं कौतुक केलं होतं. पण त्याला लागलं ते हे नव्हतं.

"मी आकडा सांगितला तेव्हा तू काय म्हणालीस?"

पट्टीने पिशवीचा बंद पुन्हा बोटाला गुंडाळला.

"काय म्हणालीस?"

"जुळलं."

"नऊ वेळा?"

"नऊ वेळा."

"तुझी आई मला एकदाही खोटं जुळलं म्हणाली नाही. मी दोन-दोन दिवस अबोला धरायचो, तरी नाही."

"आईच्या वेळी तुमचे डोळे चांगले होते," पट्टी म्हणाली, आणि एवढं बोलून तिने तोंड फिरवलं.

दारावर कोणीतरी टकटक केली, बाईंनी "थांबा जरा" म्हणून परतवलं. मग त्यांनी नकाशाच्या वर्गाचा कोरा अर्ज काढून मिस्त्रीपुढे ठेवला. त्याने सहीची जागा विचारली, मान तिरकी करून अंगठ्याने ती धरून ठेवली आणि सही केली. सही रेघेच्या वर गेली. त्याने अर्ज लेकीपुढे सरकवला. तिने तो घडी करून पिशवीत ठेवला.

"पाचपर्यंत मी इथेच आहे," बाई म्हणाल्या. "जेवायलासुद्धा उठणार नाही."

व्हरांड्यात ड्रायव्हरने हटकलं. "काय मिस्त्री, झाली का लेक मोठी साहेब?"

"माप चालू आहे," मिस्त्री म्हणाला आणि पुढे झाला.

दोघं घरी आली. जेवणं झाली. दुपार टळायला आली तेव्हा मिस्त्री कारखान्यात गेला आणि सकाळपासून ओट्यावर आडवी पडलेली फळी त्याने पुसली. दवाखान्याचं शेवटचं दार राहिलं होतं. त्याने टेप काढली आणि हाक न मारता उभा राहिला. पट्टी आली, तिने टोक धरलं.

त्याने वाकून, डोकं वळवून आकडा वाचला. "बत्तीस इंच तीन सूत."

टोकं बदलली. पट्टीने वाचलं. मग पुन्हा एकदा वाचलं. मिस्त्री फळीकडे बघत होता, तिच्याकडे नाही.

"नाही जुळलं," ती म्हणाली.

"किती?"

"तेहेतीस तीन."

"पुन्हा."

पुन्हा मापलं. त्याने नाक फळीला लागेपर्यंत मान वाकवली. "बत्तीस."

"नाही जुळलं, बाबा." या वेळी तिचा आवाज फाटला, पण शब्द पुरा बाहेर आला.

मिस्त्री सावकाश सरळ झाला. कानावरची पेन्सिल काढली, तिचं टोक बोटाने तपासलं आणि तिच्या हातात दिली. "तू खूण कर."

तिने गुण्या लावून रेघ ओढली. त्याने रेघेवरून बोट फिरवलं. बोटाला काहीच लागलं नाही.

"आता याच रेघेवर पातं ओढ. दाबून."

तिने पातं ओढलं. लाकडात बारीक चीर पडली. मिस्त्रीने पुन्हा बोट फिरवलं, आणि ते त्या चिरेतून न अडखळता गेलं.

"वखारवाल्याकडे एक माणूस आहे," तो म्हणाला. "फळ्या द्यायला येतो तो. मापं त्याने घ्यायची, खुणा पात्याने करायच्या. करवत त्याची. रंधा, सांधे आणि पॉलिश माझं. निम्मं काम निघेल. निम्म्यात एका माणसाचं भागतं."

"आणि तोही खोटं जुळलं म्हणाला तर?"

"नाही म्हणणार. त्याचा कुठे माझ्यावर एवढा जीव आहे?"

पट्टीने ओठ घट्ट मिटले. डोळ्यांतलं पाणी तिने बाहीने पुसलं, तिथे भुसा चिकटला.

"डॉक्टरांकडे दर महिन्याला जायचं," ती म्हणाली. "आणि ते काय म्हणाले ते मला कळवायचं. जसंच्या तसं."

"जसंच्या तसं."

"बरं वाटतंय, असलं काही नको."

"नाही म्हणणार."

तिने पिशवीतून अर्ज काढला, फळीवर पसरला. पेन्सिल खाली ठेवून पेन शोधलं, सहीच्या रेघेवर नीट सरळ सही केली. चार वाजून वीस मिनिटं झाली होती. ती दाराशी गेली, परत आली, ओट्यावरची करवत उचलून तिने खुंटीला टांगली.

"मी येईपर्यंत हात लावायचा नाही."

"जा. बाई उपाशी बसल्यात."

तिच्या पावलांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आला, मग पळत्या माणसासारखा झाला. मिस्त्री फळीपाशी उभा राहिला. वरून पाहिलं तर तिची रेघ मध्येच वाकली होती, दुमडल्यासारखी. त्याने डोळे मिटले आणि अंगठ्याचं नख त्या चिरेत ठेवून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत नेलं. ती सरळ होती.