धोट्यावरचा लाल चौकोन

मित्रांनो, मी एक जुना कर्सर आहे. निदान होतो. संगणकाच्या पडद्यावर माउसबरोबर फिरणारी खूण म्हणजे कर्सर. तुमच्याकडचा बाणासारखा असेल. माझा आकार धोट्याचा, म्हणजे मागावर आडवा धागा घेऊन धावणाऱ्या छोट्या लाकडी होडीसारखा.

भिवंडीत निजामपुऱ्यातल्या एका कारखान्यात प्रभाकरराव कापडाची नक्षी काढत. आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने एकेक चौकोन भरत त्यांचं आयुष्य गेलं. घरी संगणक आला, तेव्हा त्यांच्या पत्नी विद्युल्लताबाईंना पांढरा बाण दिसेना.

"अहो, तुमचा बाण परत पळाला!" त्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत.

म्हणून प्रभाकररावांनी मला कागदावर काढलं. बत्तीस चौकोन आडवे, बत्तीस उभे. तपकिरी अंग, पिवळा धागा. मग तसंच्या तसं संगणकात उतरवलं आणि शेवटी कागदावरच्या एका चौकोनावर लाल टिंब दिलं. कर्सरच्या फाइलमध्ये चित्राबरोबर असा एक चौकोन नोंदलेला असतो. क्लिक नेमकी तिथे लागते. माझा तो चौकोन कोणता, हे मध्यंतरी मलाही सांगता येईना. का, ते ऐका.

कारखान्यातले केसरीनाथ मला बघून हसले होते. "प्रभाकरराव, वहिनींच्या हातात धोटा दिलात? शेटला कळलं तर उद्यापासून रात्रपाळीला लावेल त्यांना!"

विद्युल्लताबाईंनी मला चौदा वर्षं वापरलं. पत्ते खेळल्या, बातम्या वाचल्या, लेकीचे फोटो शंभरदा उघडले. मी एकदाही त्यांच्या नजरेतून सुटलो नाही.

यंदा प्रभाकरराव गेले.

त्यांची मुलगी सई घरी आली. बाबांच्या साऱ्या नक्ष्या एका वेबपेजवर मांडायच्या, म्हणजे आईला त्या नव्या लॅपटॉपवर बघता येतील, असं तिने ठरवलं. जुन्या संगणकातलं सगळं तिने उतरवून घेतलं आणि तो भंगारात दिला. पण पेज जुन्या फाइली घेईना. मग तेराव्यानंतरच्या दोन दिवसांत तिने नक्ष्यांना आणि मला, सगळ्यांना एकदम वेबपी या नव्या, कमी जागा घेणाऱ्या प्रकारात बदललं. 'मूळ फाइली काढून टाका' या ओळीपुढची खूण तशीच राहिली. डोळे भरलेले असले की अशा बारीक ओळी दिसत नाहीत.

नक्ष्यांचं काही बिघडलं नाही. माझाही रंग जराही उडाला नाही. पण चित्राच्या फाइलमध्ये क्लिकच्या चौकोनाला जागा नसते. तो पुसला गेला. आलेखाचा कागद तर केव्हाच हरवला होता.

सईने मला पेजवर बसवलं. आईने एका नक्षीच्या छोट्या बटणावर दाबलं. काहीच उघडलं नाही.

"सई, लागत नाही गं."

"थांब. बाबांनी टोकच धरलं असणार." तिने टोकाचा चौकोन मोजून भरला. आईने पुन्हा दाबलं. तरी नाही. मग सईने मधला चौकोन घेतला. तोही नाही.

"आई, कुठून लागायचं ते आठव ना."

"मी कधी बघितलंच नाही बाई. हात जायचा, लागायचं."

सईने लॅपटॉप आईकडे सरकवला. मग म्हणाली, "बरं, काही आठवू नकोस. नेहमीसारखा नुसता हात ने."

हात निघाला आणि सवयीने थांबला. सई पडद्यापाशी वाकली. बटणावर माझं टोक नव्हतं, मध्यही नव्हता. होतं ते बारीक भोक, जिथून पिवळा धागा बाहेर येतो.

"हो, बरोबर," आई हळूच म्हणाली. "ते म्हणायचे, टोक नुसतं धावतं, काम धागा करतो."

सईने चौकोन मोजले. डावीकडून तेविसावा, वरून बारावा. या वेळी केळफुलांच्या काठाची नक्षी उघडली.

"लागलं," आई म्हणाली.

एक गोष्ट मात्र परत आली नाही. मी जन्मलो ती तारीख मूळ फाइलबरोबर गेली. आता माझ्यावर प्रभाकरराव गेल्यानंतरची तारीख आहे.

"आई, हा कधी केला होता गं?"

"पावसाळा होता. की दिवाळी? थांब, त्यांनाच विचा..."

वाक्य तिथेच राहिलं. बाहेर माग चालू होते.

मित्रांनो, आम्हा जुन्यांना नवं रूप जरूर द्या. पण मूळ वस्तू टाकू नका. आणि आमच्याबद्दल काही विचारायचं असेल, तर विचारायला माणूस आहे तोवर विचारा.