दिल्लीच्या गाडीत वामनशेठ

बऱ्हाणपुरात शाहपूर रोडवर वामनशेठचं केळीचं गोदाम होतं. पुढे ऑफिस, मागे ट्रक भरायचा फलाट, आणि मधे लांबलचक अंगण. ऑफिसातला निरोप फलाटावर ओरडूनच जायचा, अन् ट्रकच्या घरघरीत 'नागपूर'चं 'कानपूर' होऊन पोचायचं. वैतागून शेवटी वामनशेठनी दोन कॉम्प्युटर आणले, दोन्हीकडे एकेक ठेवला, मधून वायर टाकून घेतली. आता ते एकमेकांशी बोलते करायचे होते.

ते काम अलकाकडे आलं. शनवारा भागातल्या मास्तरांची ही मुलगी इंदूरहून कॉम्प्युटर शिकून नुकतीच परतली होती. पहिलीच नोकरी. वायर टाकणारा प्रभाकर तिच्याच वर्गातला.

"मधे तिसरी मोठी मशीन ठेवू," प्रभाकर म्हणाला. "सगळे निरोप तिच्यात जमा होतील, पासवर्ड राहील, एकदम बढिया सिस्टम!"

"दोघांना बोलायला तिसरा कशाला रे? फलाटानं कान देऊन बसायचं, ऑफिसनं हाक मारायची, अन् साधे शब्द पाठवायचे. बस," अलका म्हणाली.

वामनशेठ म्हणाले, "पहिले सोपंच करा. बिघडलं तर काय बिघडलं ते समजेल तरी."

अलकानं प्रोग्रॅम लिहिला. सोमवारी सकाळी ऑफिसातून तिनं 'राम राम' पाठवलं, आणि फलाटावरून मुकादम कौतिकची आरोळी आली, "आलं! अलकाताई, आलं!" अलका अशी उडाली की टेबलाला गुडघा आपटला. दुखला, पण तिला हसूच येत होतं.

मग कामाची धांदल सुरू झाली. तिनं घाईघाईत लिहिलं, 'माल तयार आहे दिल्लीच्या गाडीत चढवा', आणि त्याच्या पाठोपाठ, 'वामनशेठ नाश्ता करून येतात तिकडे'.

थोड्या वेळानं फलाटाकडून हसण्याचा असा गलका उठला की ती पळतच सुटली. पाहते तर ट्रकमध्ये, केळीच्या घडांच्या मधोमध, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर साक्षात वामनशेठ! हमालांनी त्यांना खुर्चीसकट उचलून वर ठेवलं होतं.

"हुकूम म्हणजे हुकूम, शेठ," कौतिक पोट धरून हसत म्हणत होता.

"अरे भाई, दिल्लीत कोणाला भेटू ते तरी सांगा!" वामनशेठ वरून ओरडले.

अलका फलाटावरच्या कॉम्प्युटरकडे धावली. तिनं स्क्रीन पाहिला. पहिली ओळ: 'माल तयार आहे दिल्लीच्या गाडीत चढवा वामनशेठ'. खाली नुसतंच: 'नाश्ता करून येतात तिकडे'. मग तिलाही हसू आवरेना.

"पाहिलंस? म्हणून म्हणत होतो, मोठी मशीन..." प्रभाकर धापा टाकत आला.

"थांब. एक तरी शब्द हरवलाय का? सगळे ओळीनं पोचलेत. वायरीतून अक्षरं नळाच्या पाण्यासारखी येतात, कुठला तांब्या कुठे भरला ते पाण्याला काय माहीत? निरोप कुठे संपला ते आपणच सांगायला हवं. प्रत्येक निरोपाच्या शेवटी एक खूण. ती दिसेपर्यंत पलीकडच्यानं तोंड उघडायचं नाही."

"कसली खूण?"

"एन्टर! ओळ संपली की निरोप संपला."

प्रभाकरनं डोकं खाजवलं. "एवढंच?" मग हळूच म्हणाला, "पण पोचल्याचं कळायला नको का?"

"हे मात्र खरं. निरोप पोचला की पलीकडून 'मिळालं' येऊ दे." प्रभाकरचा चेहरा खुलला.

जेवणाची सुट्टी संपेपर्यंत दुरुस्ती झाली. अलका फलाटावर बसली, प्रभाकर ऑफिसात, आणि दोघांनी एकमेकांवर निरोपांचा भडिमार केला. प्रत्येक निरोप आपापल्या ओळीत, अन् प्रत्येकाला 'मिळालं'! अलकानं खुर्चीवरच टाळ्या पिटल्या.

घडांना पाला लावणाऱ्या धुरपदाबाई पुढे सरकल्या. त्यांचा नवरा लीलाधर ऑफिसच्या फाटकावर असायचा. "पोरी, विचार ना त्याले, डबा खाल्ला का?"

प्रभाकरनं लीलाधरला विचारून उत्तर पाठवलं: 'खाल्ला. चटणी लय तिखट.'

"सांग त्याले, उद्या तूच कर!"

फलाट हसून हसून लोळायला लागला. हसता हसता अलकाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, अक्षरं दिसत नव्हती, तरी बोटं थांबत नव्हती. बघता बघता निरोप पाठवणाऱ्यांची रांगच लागली. दिल्लीची गाडी त्या दिवशी उशिरा निघाली, पण वामनशेठ कोणाला काही बोलले नाहीत. ते रांगेत उभे होते, पुन्हा रांगेत लागलेल्या धुरपदाबाईंच्या मागे, आणि पुढच्यांना घाई करायला सांगत होते.