डांबराखालचे रूळ आणि मिस ओडेसा

“तुला वळता येत नाही, पोरी. रुळावर कोणी गाडी आडवी लावली आणि ती हटवायला माणसं खाली उतरली नाहीत, की तू संपलीस म्हणून समज!” माझा चालक अर्ल म्हणाला होता. मी नुसती घंटा वाजवून हसले. माझ्यासाठी कोण उतरणार नाही?

मित्रांनो, मी ओहायो नदीकाठच्या एका शहरातली जुनी ट्राम. लोखंडी चाकं, लाकडी बाकं आणि मिरवायला पिवळाधमक रंग. टेकडीवरचे कामगार, पोरंबाळं, सगळ्यांना मी खाली शहरात न्यायची. चिमुकल्या ओडेसासाठी अर्ल थांब्यावर दोनदा घंटा द्यायचा, आणि बुटाचे बंद न बांधताच ती धावत यायची.

मग घरोघर मोटारी आल्या. त्या माझ्या रुळांवर उभ्या राहू लागल्या, आणि उतारू आत बसूनच कुरकुरू लागले. अर्लचं खरं झालं. रुळांवर डांबर ओतलं गेलं आणि मला एका शेतकऱ्याने कोंबड्यांचं खुराडं म्हणून नेलं. माझ्या बाकांवर अंडी! काय सांगू!

तिथे मला शोधत, काठी टेकत कोण यावं? ओडेसाच! आता सगळे तिला मिस ओडेसा म्हणत. टेकडीवरची बसही बंद झाली होती. मोटार नसलेली म्हातारी माणसं घरात अडकली होती. नगरसभेत ती कडाडली, “रूळ डांबराखाली झोपलेत. उठवा त्यांना!”

“पण मिस ओडेसा, ट्राममध्ये बसणार कोण?” एका नगरसेवकाने विचारलं.

“मी बसेन. तुझी आई बसेल. विचार तिला, तुझी वाट बघून थकलीय ती!”

शेवटी नगरसभेने डांबर उकरलं, मला खुराड्यातून काढून रंगवलं. आणि आज, मित्रांनो, आज मी पुन्हा धावतेय! “पहिल्या फेरीला मी थांब्यावर असेन. उशीर केलास तर बघ!” असा मिस ओडेसाचा दम आहे. नवी चालक डेल्फिन, खच्चून भरलेली बाकं, आणि अर्ध्या चढावर हा निळा ट्रक! शेपूट थेट रुळावर, मालकाचा पत्ता नाही. डेल्फिनने घंटा बडवली. माझ्या काचा थरथरल्या. हे उतारूही बसूनच कुरकुरणार का?

“उतरा रे!” पाववाला रूफस ओरडला. “मागून उचला! हं... हूप!”

“अगं आई गं, माझी पाठ!”

“पाठ उद्या दुखव, आधी उचल!”

सगळेच्या सगळे उतरले! उड्या मारत ट्रक बाजूला झाला. मी टेकडी चढले ती जणू पंख फुटल्यासारखी.

थांब्यावर बँड, फुगे, आरडाओरडा. पण मिस ओडेसासाठी मांडलेली खुर्ची रिकामी आहे. नाचण्याच्या भरात कोणाच्याच लक्षात आलेलं नाही. डेल्फिनने दोनदा घंटा दिली. कोपऱ्यावरच्या तिच्या खिडकीचा पडदा हलला नाही.

तिचं घर त्या वळणावर आहे, हिरव्या दाराचं. मला वळता येत नाही, मित्रांनो. तुम्हाला येतं. जरा जाऊन तिचं दार वाजवता का?