मला वर-खाली होता येते

मित्रांनो, मी एक टेबल आहे, आणि मी किती जुना आहे ते मलाच नीट सांगता येत नाही. वय म्हणाल तर चौदा वर्षे. पण त्यातली आठ वर्षे मी एकाच उंचीवर ताटकळत उभा होतो. ती वयात धरायची की नाही, तुम्हीच सांगा.

फिनलंडमधल्या एका तळ्याकाठच्या हॉस्पिटलात, तिसऱ्या मजल्यावर माझी खोली आहे. डॉक्टर रोग्याला तपासतात आणि जे काही सापडले ते यंत्रात बोलून ठेवतात. ते बोलणे कानाला लावून टाइप करणाऱ्या बाईंचे मी टेबल. वर बर्चच्या लाकडाची फळी, खाली दोन लोखंडी पाय, आणि पायांच्या पोटात मोटर. काठाखाली बटणांची एक डबी आहे. वरचा बाण दाबला की मी वर जातो, खालचा दाबला की खाली येतो. कारखान्यातून निघताना एका माणसाने मला वीस वेळा वर-खाली करून पाहिले आणि पाठीवर थाप मारावी तशी फळीवर थाप मारली. तेव्हा मी फार फुशारलो होतो.

पहिली हेल्वी. ती मला दिवसातून चार वेळा उठवायची. कॉफीच्या आधी बसून टाइप करायची, कॉफीनंतर उभी राहून. मग एका हिवाळ्यात ती बर्फावरून घसरली आणि तिची पाठ धरली. कण्हत कण्हत तिने मला सोयीच्या उंचीवर आणले. पण शनिवार-रविवारी येणाऱ्या बदलीच्या बायका मला हलवायच्या, आणि सोमवारी हेल्वीला पुन्हा सगळे जुळवावे लागायचे. एके दिवशी तिने वैतागून माझ्या डबीवर काहीतरी चिकटवले. मला वाचता येत नाही, मित्रांनो. मला एवढेच कळले की त्या दिवसापासून बटणाला कोणी बोटही लावेना.

दोन वर्षांनी, जूनच्या अखेरीस, हेल्वी निवृत्त झाली. केक कापला, फुले दिली, टाळ्या झाल्या. जुलैत सगळे उन्हाळी सुट्टीला आपापल्या तळ्याकाठच्या झोपडीत निघून गेले आणि खोलीला कुलूप लागले. ऑगस्टमध्ये कुलूप उघडले, तेव्हा तिच्या जागी दोघी आल्या होत्या.

राइली सकाळी सातची. ती तळमजल्यावरच्या नोंदणीच्या खिडकीवरून आली होती. चणीने इतकी लहान की खुर्चीत बसली तर पाय जमिनीला टेकत नसत. म्हणून तिने खाली छपाईच्या कागदांचा गठ्ठा ठेवला. इंकेरी दुपारी एकची. ती उंच, चांगलीच उंच. दोघींची गाठ पडायची ती फक्त पंधरा मिनिटे, काम हातात देण्याघेण्यापुरती.

आता माझा गोंधळ ऐका. राइली टाइप करायला लागली की तिचे खांदे कानांपर्यंत चढायचे आणि कोपरे माझ्या काठावर रुतायची. मी तिला उंच पडत होतो. दुपारी इंकेरी यायची आणि तिचे गुडघे खालून माझ्यावर ठक्कन आपटायचे. तिला मी ठेंगणा पडत होतो. ती वाकून वाकून बसायची आणि सहा वाजता कमरेवर हात ठेवून उठायची. बटण त्यांच्या मांडीपासून वीतभर अंतरावर होते. दोघी त्याच्याकडे बघायच्या, हात पुढे करायच्या आणि मागे घ्यायच्या. का? माझी मोटर बिघडली असे कोणी सांगितले होते का? की मी चावतो असे त्यांना वाटत होते?

उपाय कमी झाले नाहीत. नवी खुर्ची आली, मनगटाखाली उशी आली, तिरका माउस आला. संगणकाच्या पडद्यावर रोज एक माणूस उड्या मारायचा आणि त्याच्याबरोबर हात फिरवायला सांगायचा. राइली सकाळी फिरवायची, इंकेरी दुपारी. सगळे बदलत होते, फक्त मी नाही. दोघींच्या दुखऱ्या जागी चोळलेल्या मलमाचा वास मात्र अगदी एकच होता. एकाच्या ठोक्याला दोघी समोरासमोर आल्या की प्रत्येकीला तो दुसरीचाच वाटायचा. मनातल्या मनात दोघी एकमेकींना "बिचारी" म्हणत असणार. तोंडाने विचारत नव्हत्या. दुसऱ्याच्या दुखण्यात नाक खुपसणे इथे कोणाला आवडत नाही.

अशी सहा वर्षे गेली. मागच्या हिवाळ्यात राइली तिसऱ्यांदा लांब रजेवरून परतली. उजवा हात धड वर जात नव्हता. त्या सकाळी तिने बहिणीला फोन लावला.

"नोकरी सोड म्हणतात गं. पुढच्या आठवड्यात बैठक आहे. चार वर्षं राहिलीत फक्त! घरी बसून काय करू, खिडकीतून बर्फ मोजू?" मग म्हणाली, "आणि ओस्मोचं कोण लिहील? तो डॉक्टर बोलतो की तोंडात लापशी धरतो ते कळत नाही. माझ्याशिवाय कुणाला अक्षर समजत नाही त्याचं."

फोन ठेवल्यावर तिने डोके माझ्यावर टेकले. माझी फळी ओली झाली. मला फार वाईट वाटले, आणि काय करावे ते कळेना.

बैठकीआधी तिची बसायची पद्धत बघायला यार्मो नावाचा फिजिओथेरपिस्ट आला. दाढीवाला, बोलायला मोकळा. तेव्हा एक वाजत आला होता. त्याने तिला टाइप करायला सांगितले आणि दोन मिनिटांत कपाळाला हात लावला.

"राइली, टेबल खाली घे की जरा! गळ्याएवढ्या पाण्यात उतरल्यासारखी बसलीयस."

"श्श, हळू बोल," राइली कुजबुजली. "टेबल इंकेरीसाठी लावलंय. तिच्या पाठीचं दुखणं आहे. चिठ्ठी लावलीय बघ तिनं."

इंकेरी दारातच उभी होती, अंगात कोट तसाच.

"मी? चिठ्ठी तुझी आहे ना!"

"माझी कशी असेल? हे टेबल माझ्या हनुवटीला लागतं!"

"आणि माझे गुडघे काळेनिळे झालेत! मला वाटलं, तुला हीच उंची लागते. म्हणून मी..."

यार्मो खाली वाकला आणि डबीवरचे वाचू लागला. "'कृपया उंची बदलू नका. पाठीचा त्रास आहे. आभारी आहे.' खाली नाव नाही." त्याने दाढी खाजवली. "हे हेल्वीचं अक्षर. तिच्या पाठीवर मीच उपचार केले होते. बरी होऊन जमाना झाला, बायांनो. दर शनिवारी टँगो नाचते ती."

मग राइलीला हसू फुटले. ती इतकी हसली की खांदा धरून विव्हळली आणि तरी हसतच राहिली. इंकेरी हसली नाही. ती कोटासकट खाली बसली आणि रडू लागली.

"सहा वर्षं तू माझ्यासाठी सोसलंस?"

"तू पण सोसलंसच की, वेडे," राइली म्हणाली, आणि तिचाही आवाज फुटला.

यार्मोने खालचा बाण दाबला. मित्रांनो, आठ वर्षांनी मला हाक आली. मी इतका घाबरलो होतो की आधी नुसता कुरकुरलो. मग उतरलो, बोटभर, मग वीतभर. राइलीची कोपरे माझ्यावर अलगद येऊन टेकली. तिचे खांदे कानांवरून खाली आले आणि तिने एक लांब श्वास सोडला. इतकी वर्षे ती माझ्याजवळ बसत होती, पण तो श्वास मी पहिल्यांदाच ऐकला.

राइली बैठकीला गेली आणि नोकरी सोडणार नाही म्हणून सांगून आली. आता आठवड्यातून तीन दिवस येते. मान मोकळी झाली, पण खांद्याला उशीर झाला असे यार्मो म्हणाला. तिचा उजवा हात कानाच्या वर जात नाही, आणि जाणारही नाही. इंकेरी रोज एक वाजता "आज कुठे दुखतंय?" असे विचारते. राइली तक्रारींची अख्खी यादी ऐकवते, आणि मग तेच इंकेरीला विचारते.

मी अजून गोंधळलेलाच आहे. हेल्वीने काही खोटे लिहिले नव्हते. या दोघींनी तर एकमेकींचे भलेच चिंतले. मग त्या खांद्याचा दोष मी कोणाला देऊ? म्हणून मित्रांनो, एवढेच मागणे आहे. तुमच्या टेबलाला बटण असेल तर ते दाबा, आम्ही त्यासाठीच आहोत. आणि कोणासाठी काही सोसत असाल, तर एकदा त्याला विचारून घ्या. दोघींचे दुखणे मला ठाऊक होते, पण तोंड नव्हते. त्या दोघींना तोंड होते.