सात वाजून बारा मिनिटांनी

"मॅडमजी, परत अटकला," मागच्या रांगेतून सुरुची म्हणाली. "एक काम करा, ह्याला लिंबू-मिरची बांधा. नजर लागली आहे याला."

लॅबमधल्या पोरी हसल्या. संबोधीही ओठांपुरती हसली आणि सर्व्हरच्या पडद्याकडे पाहत राहिली. सलग पाचव्या सकाळी तेच वाक्य होतं. पॅकेज मॅनेजर बंद पडला आहे. खाली दोन ओळी आकडे आणि मग नुसताच काळा पडदा.

इंदूरच्या स्नेहलतागंजमधल्या त्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये सोळा मशीन्स होत्या आणि सोळाही या एका सर्व्हरवर टेकून होत्या. शनिवारी तपासणी. मान्यता टिकवायची तर त्याआधी नवं सॉफ्टवेअर चढलेलं हवं. इंटरनेट जोडायची ती फोनची लाइन दिवसा ऑफिसला लागायची, म्हणून संबोधी संध्याकाळी सहाला काम लावून घरी जायची. सर्व्हरने रात्रभर एकेक पॅकेज उतरवून घ्यायचं आणि बसवायचं, अशी योजना. सकाळी नऊला येऊन बघावं तर मॅनेजर आडवा. मग बिघडलेल्या फायली पुसायच्या, त्याची यादी पुन्हा बांधायची, आणि सहा वाजले की पुन्हा काम लावायचं.

शंकररावांनी टेबलावर पाण्याचा जग ठेवला. चारचौघांत ते तिला मॅडमजी म्हणत. पोरी लांब असल्या की बेटा.

"बेटा, हा मॅनेजर करतो तरी काय?"

"मिलमध्ये स्टोअरबाबू होते ना, काका? कोणता पार्ट आला, कुठे बसला, त्याच्याबरोबर दुसरा कोणता लागतो, सगळं त्यांना पाठ. हा तसाच. फक्त लिहिता लिहिता मध्येच पडतो. सकाळी उठून स्वतःचंच अर्धवट लिहिलेलं वाचतो आणि चक्रावतो."

"आमचा स्टोअरबाबू पण असाच होता. दुपारनंतर सापडायचाच नाही."

शंकररावांनी सत्तावीस वर्षं मिलच्या पावर हाउसमध्ये काढली होती. मिल बंद पडून अकरा वर्षं झाली. संबोधीचे वडील महूच्या छावणीतून निवृत्त होऊन त्याच मिलच्या गेटवर पहाऱ्याला बसत, तेव्हापासूनची ओळख. दोन वर्षांपूर्वी तिनेच सरांकडे शब्द टाकला आणि शंकरराव इथे आले. सकाळी साडेसातला शटर उघडणं, झाडलोट, पाणी, आणि संध्याकाळी सगळे गेल्यावर कुलूप.

दुपारी सेंटर चालवणाऱ्या सुधाकर सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. ते नाशिकचे, इंदूरला येऊन त्यांना तीन वर्षं झाली होती.

"अहो मॅडम, पाच दिवस? आमच्याकडे पोरं हे काम दोन तासांत करतात. उद्या सकाळपर्यंत झालं नाही, तर मी तिकडून माणूस मागवतो. आणि आलेला माणूस मग परत जाणार नाही, हे तुम्हाला कळतंय ना?"

"हो, सर."

तिला कळत होतं. नवऱ्याची, नरेंद्रची, पीथमपूरच्या कारखान्यातली नोकरी दिवाळीत गेली होती. तो दिवसभर टीव्हीसमोर बसे आणि टीव्ही बंद असे.

तिने पुन्हा पहिल्यापासून तपासायला घेतलं. सीडी बदलून पाहिली. मेमरी काढून, पुसून, परत बसवली. मॅनेजर का पडतो हे पाच दिवस शोधलं होतं. तो कधी पडतो हे पाहिलंच नव्हतं. तिने सर्व्हरची रोजची टिपणं उघडली आणि वेळा कागदावर उतरवल्या. सोमवारी संध्याकाळी सात वाजून बारा मिनिटं. मंगळवारी सात नऊ. काल पुन्हा सात बारा. त्यानंतर कुठे काही नाही, आणि सकाळी साडेसातच्या पुढे मशीन नव्याने उठलेली.

मॅनेजर पडत नव्हता. अख्खी मशीनच मरत होती, आणि ती येईपर्यंत पुन्हा जिवंत होत होती.

त्या संध्याकाळी सहाला काम लावून ती घरी गेली नाही. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली. शंकररावांनी खुर्च्या सरळ केल्या, खिडक्या लावल्या, पडदे ओढले. सातला चार-पाच मिनिटं कमी असताना ते दाराशेजारच्या बोर्डापाशी गेले. देवळाच्या पायरीला लावावा तसा हात त्यांनी आधी मेन स्विचच्या दांड्याला लावला, आणि दांडा खाली ओढला.

पंखे थांबले. सर्व्हरला जागं ठेवणारी टेबलाखालची बॅटरी टीं टीं करायला लागली.

"ती घंटी पंधरा-वीस मिनिट वाजते," शंकरराव म्हणाले. "मग आपोआप शांत होते."

"काका, रोज?"

"रोज म्हणजे? रिकाम्या खोलीत करंट सोडून कोण जातं?" मग तिचा चेहरा बघून ते थांबले. "मशीनला मी हात पण नाही लावला, बेटा. सरजींनी सांगितलं होतं, मशीनला हात नाही लावायचा."

"हो. मशीनला नाही लावलात."

"पावर हाउसची पहली बात हीच. माणूस बाहेर, मेन खाली. एकदा राहिला वर. सकाळच्या पाळीला आमच्या चाळीतल्या द्वारकाबाईच्या नवऱ्याने हात घातला. घरी सांगायला मीच गेलो होतो. तेव्हापासून मेन कधी वर राहिला नाही."

बॅटरी वाजत होती. संबोधीने त्यांना समजावलं, ही मशीन रात्रभर जागीच राहायला हवी. आजचा दिवस मेन वर ठेवा. त्यांनी दांडा वर केला, पण हात लगेच काढला नाही.

"तू म्हणतेस तर ठीक."

शुक्रवारी सकाळी पडद्यावर शेवटची ओळ उभी होती. सगळी पॅकेजेस बसली होती, चूक एकही नाही. पोरींनी टाळ्या वाजवल्या.

सर खुशीत होते. "शेवटी काय निघालं मग?"

लाइट जात होती, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. ते अगदी खोटंही ठरलं नसतं. पण रोज पहाटे मेणबत्ती लावून पंचशील घेतल्याशिवाय संबोधी चहाही पीत नसे, आणि सकाळी म्हटलेलं, खोटं न बोलण्याचं चौथं शील अजून तिच्या तोंडातच होतं.

"संध्याकाळी मेन बंद होत होता, सर."

"कोण करत होतं?"

"शंकरराव. पण तो चालू ठेवायचा असतो हे त्यांना मीच सांगितलं नव्हतं. चूक माझी आहे."

"मी सांगितलं होतं ना त्यांना, सर्व्हरला हात लावायचा नाही म्हणून?"

"सर्व्हरला त्यांनी हात लावलाच नाही."

सरांनी पेनला टोपण लावलं. "तुमची चूक असली तर असू दे. तुम्ही मला लागता. कुलूप लावायला कुणीही मिळेल."

"सर, दोन वर्षांत त्यांनी एक दिवस..."

"मॅडम, उद्या तपासणी आहे. जा आता."

ती जागेवर येऊन बसली. छातीत काही होतंय का, ते तिने पाहिलं. काही होत नव्हतं. समोर एक पोरगी प्रिंट कशी काढायची विचारत होती, तिला तिने प्रिंट काढून दिली.

शंकरराव केबिनमध्ये दोन मिनिटंसुद्धा नव्हते. बाहेर आले ते सरळ तिच्याकडे.

"मिलवाल्यांनी नोटीस तरी चिकटवली होती गेटवर," ते म्हणाले. "इथे तर, अरे भिया, तोंडीच." मग हळूच, "तू सांगितलंस?"

"हो, काका."

"ठीक केलंस. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर वाईट वाटलं असतं."

शनिवारी ती आठलाच आली, तर शटर उघडं होतं. शंकरराव धुतलेल्या शर्टात बोर्डासमोर उभे. हातात पेचकस.

"किल्ली द्यायला आलो होतो. पण ह्याची न्यूट्रलची तार ढिली आहे, कधीपासून करायचं राहिलं होतं. सोळा मशीन चालवशील तर पेटेल एखाद्या दिवशी. पाच मिनिट. मशीन बंद करून घे, मग उतरवतो."

तिने सर्व्हरला बंद व्हायला सांगितलं. तो एकेक काम आवरत होता. वेळ लागत होता. शंकरराव दांड्याजवळ थांबले होते, दांड्याला हात न लावता.

"झालं, काका."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी मेन उतरवला, झाकण काढलं, स्क्रू आवळला, तार बोटाने ओढून पाहिली. झाकण लावून मेन वर केला. पंखे फिरायला लागले. सर्व्हर उठला, मॅनेजरची यादी जशीच्या तशी आली. ते सगळं वर येईपर्यंत ते थांबले. मग किल्ली टेबलावर ठेवून त्यांनी चपला घातल्या.

संबोधी दारापर्यंत गेली. पहिल्या बॅचची पोरं वह्या घेऊन, एकमेकांना ढकलत जिना चढत होती. जिना अरुंद होता. शंकरराव दोन पायऱ्या उतरून भिंतीला पाठ लावून उभे राहिले, पेचकसाचं टोक स्वतःकडे वळवून, शेवटचं पोर वर जाईपर्यंत.