हौसाचा आकडा

मित्रांनो, मी बीपी बघायच्या एका जुन्या मशीनमधला पारा. भिवंडीत धामणकर नाक्याजवळच्या लहानशा दवाखान्यात मी वीस वर्षं काढली. यंत्रमाग कामगार, हमाल, बाळंतिणी, सगळ्यांचं बीपी मी सांगितलं. कुणाची भीड धरून एक रेघसुद्धा खाली उतरलो नाही, याचा मला भारी तोरा होता.

नेत्रा इथे मदतनीस म्हणून लागली. गणेशपुरीकडच्या भातशेतीतली पोर. बेडपॅन उचलायचं, चादरी बदलायच्या, एवढंच तिचं काम. पण डोळे सारखे माझ्यावर. एका दुपारी जुन्या सिस्टर गोदूबाईंनी आपला दंड पुढे केला. "नुसती बघतेस काय? बांध पट्टा." ती चारदा चुकली, पाचव्यांदा बरोबर आली. मग तिनं ओढणीनं माझी काच पुसली. इतक्या मायेनं मला कुणीच पुसलं नव्हतं.

पुढे प्रवेश परीक्षा देऊन ती नर्सिंगच्या चार वर्षांच्या डिग्रीला लागली आणि हॉस्टेलवर गेली. दर रविवारी गोदूबाईंना तिचा फोन यायचा.

शेवटच्या वर्षी, परीक्षा तोंडावर आली असताना तिची आई हौसा डोकं धरून दवाखान्यात आली. गोदूबाईंनी पट्टा बांधला. मी दोनशे दहावर गेलो. डॉक्टरांनी तिला दाखल व्हायला सांगितलं.

"नेत्राला कळवते," गोदूबाई म्हणाल्या.

"नको बाय. पेपर हायेत तिचे. समदं टाकून येल ती. माझी आण हाय तुला."

दाखल न होता, नुसत्या गोळ्या घेऊन हौसा घरी गेली. रविवारी नेत्रा फोनवर म्हणाली, "आई नेहमी बरी आहे असंच सांगते. मावशी, तुम्ही खरं सांगा."

"बरी आहे गं. तू अभ्यास कर," गोदूबाई म्हणाल्या. मी शेजारीच होतो, पण मला तोंड कुठे होतं!

दोन पेपर राहिले असताना हौसा बांधावर कोसळली, ती उठलीच नाही.

नेत्रा पास झाली, सिस्टर होऊन याच दवाखान्यात आली. तोवर डिजिटल मशीन आलं होतं आणि मी कपाटात धूळ खात होतो. तिनं मला बाहेर काढून टेबलावर ठेवलं.

"घरी आईच्या गोळ्या सापडल्या. ती इथे आली त्या दिवशी बीपी किती होतं, मावशी?"

गोदूबाईंनी मान खाली घालून आकडा सांगितला.

"हाच आकडा कळावा म्हणून तर मी शिकत होते," नेत्रा म्हणाली.

गोदूबाई रडू लागल्या. नेत्रानं त्यांचा हात ओढला, दंडाला पट्टा बांधला. "एकशे साठ. आजच तुमच्या मुलाला सांगणार. आण घातलीत तरी सांगणार."

मित्रांनो, माझी काच पुसू नका, मला अडगळीत टाका, माझं काही म्हणणं नाही. पण दुखणं घरच्यांपासून लपवू नका. मी हौसाचं खरं तेच सांगितलं होतं. ते तिच्या लेकीपर्यंत कुणी पोचवलंच नाही.